बाजाराच्या दिवशी एक टेबल, एक खुर्ची

प्रति,
मा. जिल्हाधिकारी
तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद

विषय : तालुक्याच्या ठिकाणी ग्राहकांना सल्ला मिळण्याबाबत.

महोदय,

‘...बाबत’ हा शब्द हातातून आपोआप उमटला. तेवीस वर्षं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतोय, त्यामुळे अर्जाची भाषा बोटांत बसली आहे. पण हा अर्ज नव्हे. अर्जाला आवक क्रमांक पडला की तो फायलीत जाऊन बसतो. हे चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय. तालुक्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. मराठवाड्यातला कुठलाही धरा.

गेल्या खरिपातली गोष्ट. जुलैचा पहिला आठवडा, बाजाराचा दिवस. एक काका आले, काखेतून घडी घातलेली बियाण्याची रिकामी पिशवी काढली आणि म्हणाले, “याची झेरॉक्स मारून द्या.” चार एकर सोयाबीन पेरलं होतं आणि रानात चार-चार पावलांवर एखादं रोप. पिशवी काचेवर पसरली. हिरवी छपाई, काळ्यात काही धड उतरेना. लॉट नंबर शोधला तर सापडेना. तो शिवणीत टाचलेल्या टॅगवर होता, आणि टॅग पिशवी उघडताना दोऱ्यासकट ओढून बांधावर फेकलेला. पावती मागितली तर खिशातून चिठ्ठी निघाली : ‘सोया ४ बॅग’, पुढे रक्कम, खाली दुकानदाराची वेलांटीसारखी सही.

“रान तसंच आहे ना?” मी विचारलं.

“नाही ना भाऊ. परवाच वखर घातला. आर्द्रा सरत आली, किती वाट पाहावं?”

म्हणजे पुरावा त्यांच्याच बैलांनी मोडून टाकला होता. त्यात त्यांची चूक काढणार कोण? ओल आहे तोवर दुबार पेरणी करणं हाच शहाणपणा. फक्त वखर घालण्याआधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची, पोहोच घ्यायची, तालुका तक्रार निवारण समितीला रान दाखवायचं, उगवण मोजून पंचनामा करून घ्यायचा, पिशवी-टॅग-पावती एका जागी ठेवायची आणि मग खुशाल वखर घालायचा, हे त्यांना सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. पण ती पाच मिनिटं जूनमध्ये लागतात, जुलैत नाही.

कायदा त्यांच्या बाजूने नव्हता असंही नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं आहे की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो, आणि तपासणीसाठी थोडं बियाणं मागे का ठेवलं नाही असा प्रश्न त्याला विचारता येणार नाही. कारण शेतकरी घेतलेलं बियाणं पेरतो, जपून ठेवत नाही. किती साधी गोष्ट, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सांगून घ्यावी लागली. काकांनी मात्र त्या दिवशी पिशवीची दोन रुपयांची झेरॉक्स घेतली, घडी घालून टोपीत ठेवली आणि बाजारात निघून गेले. पैसे मी घ्यायला नको होते. पण गिऱ्हाइकांची रांग होती, सवयीने घेतले.

साहेब, हे मी कोण सांगणार, असं आपल्याला वाटेल. मी वकील नाही, कार्यकर्ता नाही. या भानगडीत पडलो तो माझ्याच मशीनमुळे. २०१६ साली जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विक्रेत्याकडून ‘नवीन’ म्हणून झेरॉक्स मशीन घेतली. महिनाभरात कागदावर काळा पट्टा येऊ लागला. दुरुस्तीला आलेल्या पोराने झाकण उघडलं आणि त्याच्या तोंडून निसटलं, “दादा, हा ड्रम आधी चाललेला आहे.” विक्रेत्याकडे गेलो तर तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही मशीन धंद्यासाठी घेतली. धंद्यासाठी घेणारा ग्राहक धरत नाहीत. कायदाच आहे तसा.” त्याच्या आवाजात इतका विश्वास होता की मी गप्प परत आलो. आठ महिने पट्टा पुसत बसलो.

मग एक मास्तर भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संघटनेचे जुने कार्यकर्ते. त्यांच्या शबनम पिशवीत ग्राहक संरक्षण कायद्याचं पुस्तक असायचं, पानं पेन्सिलीने खुणा करून करून मऊ पडलेली. त्यांनी ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येखालचं स्पष्टीकरण काढून दाखवलं : पोटासाठी, स्वतः राबून चालवायच्या व्यवसायासाठी वस्तू घेतली, तर तो ‘व्यापारी हेतू’ धरायचा नाही. विक्रेत्याने कायदा खोटा सांगितला नव्हता, अर्धा सांगितला होता. नंतर १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला, तरी हे स्पष्टीकरण कायम आहे. शिलाई मशीन घेणारी बाई, रिक्षा घेणारा पोरगा, पिठाची गिरणी टाकणारं जोडपं, सगळे त्यात येतात. मास्तरांनी नोटिशीचा मसुदा सांगितला, मी टाइप केला, रजिस्टर पोस्टाने पाठवली. तीन आठवड्यांत नवीन ड्रम बसवून मिळाला. ग्राहक मंचाची पायरी चढावीच लागली नाही.

त्यानंतर मास्तर दर बाजारच्या दिवशी माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसायचे. चहा माझा, सल्ला त्यांचा. लोक विचारत विचारत यायचे. ‘पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी लागेल’ असं दुकानदार म्हणाला की मास्तर हसायचे आणि सांगायचे, बिल न देणं हीच नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलामागे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असला तर सांगायचे की सदोष माल परत घ्यायची मुदत बिलावर दिली नसेल तर कायदा तीस दिवस धरतो, शिक्का काहीही म्हणो. त्यांचा कुणाशी आवाज चढलेला मी ऐकला नाही. दुकानदारांचा चढायचा. “तुम्ही कोण विचारणारे?” हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा ऐकलं असेल.

मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. बाक आहे तिथेच आहे. लोक अजून येतात आणि आता मला विचारतात. मला जेवढं आठवतं तेवढं सांगतो. नाही आठवलं तर ‘जिल्ह्याला जाऊन या’ म्हणतो. जिल्हा पंच्याऐंशी किलोमीटर आहे. जायला यायला एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी, आणि तिथे गेल्यावर ‘साहेब मीटिंगला गेलेत’. पाचशेच्या मिक्सरसाठी कोण जाईल?

आता आपल्याकडे येतो. २०१९ च्या कायद्याच्या आठव्या कलमात जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद आहे, आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. वर्षातून किमान दोन बैठका घ्यायच्या. नवव्या कलमात तिचं काम एकाच वाक्यात दिलंय : जिल्ह्यात ग्राहकांच्या हक्कांचं संवर्धन आणि संरक्षण होण्यासाठी सल्ला देणं. सल्ला हा शब्द कायद्यातच आहे. पण हा सल्ला कुणाला द्यायचा? आजवर तो बैठकीतल्या मंडळींनी बैठकीतल्याच मंडळींना दिलेला आहे. इतिवृत्ताची झेरॉक्स माझ्याकडे येते, म्हणून सांगतो. ‘ग्राहकांमध्ये जनजागृती करण्यात यावी’ हा ठराव मी इतक्या वेळा काढलाय की आता मूळ प्रत न पाहता टाइप करू शकेन.

जनजागृतीचंही सांगतो. दरवर्षी २४ डिसेंबर जवळ आला की तहसीलच्या सभागृहात राष्ट्रीय ग्राहक दिन होतो. १९८६ च्या कायद्यावर याच तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस. फलकाचा मजकूर माझ्याकडेच टाइप होतो. मागच्या खेपेला फलकावर चौदा पाहुण्यांची नावं होती आणि १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर नव्हता. मी सुचवलं, उत्तर आलं, “जागा नाही, फोटो बसवायचेत.” सभागृहात रेशन दुकानदार, एका कॉलेजची मुलं, आणि वैध मापन निरीक्षकांनी मांडलेली वजनं. हा स्टॉल मात्र खरंच बघण्यासारखा असतो, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबकसुद्धा ते दाखवतात. भाषणं झाली. ‘ग्राहक हा राजा’ तीन वक्त्यांनी म्हटलं. शेवटी मागून एक म्हातारबाबा उठले : “वजन कमी भरलं तर सांगायचं कुठं?” व्यासपीठावरून उत्तर मिळालं, “संबंधित कार्यालयाकडे.” बाबा बसले. संबंधित कार्यालयाचा निरीक्षक त्यांच्यापासून दहा फुटांवर वजनं आवरत होता.

नंबरचा विषय निघालाच आहे तर १९१५ बद्दल चांगलं बोललं पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीत बोलते, सकाळी ८ ते रात्री ८ चालते, पैसे पडत नाहीत. मी दुकानातून कित्येकांना लावून दिलाय. ऑनलाइन मागवलेल्या मोबाइलच्या डब्यात दुसराच मोबाइल निघाला, तिकिटाचे पैसे परत आले नाहीत, असल्या तक्रारी तिथून मार्गी लागलेल्या मी पाहिल्यात. पण तिची पद्धत समजून घेतली पाहिजे. ती निकाल देत नाही. तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. हेल्पलाइनशी जोडलेल्या मोठ्या कंपन्या बऱ्यापैकी लवकर उत्तर देतात. आमच्या पेठेतल्या भांड्याच्या दुकानाला, गल्लीतल्या कोचिंग क्लासला, बोअर मारून देणाऱ्या गाडीवाल्याला ही यंत्रणा कुठे गाठणार? तिथे ओळखीचा, समोर बसलेला माणूस लागतो.

शिवाय फोन लावणं ही आता धोक्याची गोष्ट होऊन बसली आहे. फ्रिज बिघडला म्हणून एका गुरुजींनी मोबाइलवर ‘कस्टमर केअर’ शोधलं. पहिला दिसला तो नंबर लावला. पलीकडचा अगदी नम्र. “दहा रुपये नोंदणी भरा, त्याआधी हे ॲप घ्या.” ॲप घेतल्यावर गुरुजींचा स्क्रीन त्याला दिसायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत खात्यातून ४८ हजार गेले. तक्रार करायला गेलेला माणूस तक्रार करण्याच्या वाटेवर लुटला गेला. त्यांना १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दुकानात कळला. पैसे अडवायचे तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात, ते तोवर निघून गेले होते. गुरुजी शिकलेले, इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेले. म्हणजे हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

एका मावशींची हकिकत सांगतो, मग मागणीवर येतो. नवरा गेल्यावर आलेल्या पैशांतले दोन लाख त्यांनी एका बँकेत ‘फिक्समध्ये’ टाकले. टेबलापलीकडच्या माणसाने सांगितलं, एफडीच आहे, वरून विमा फुकट. वर्षाने मोबाइलवर इंग्रजी मेसेज आला. पुतण्याने वाचला : हप्ता थकला आहे, दोन लाख भरा. घरी ट्रंकेत कंपनीचं जाड पाकीट होतं, न फोडलेलं. ते माझ्या काउंटरवर फोडलं. दहा वर्षं दरसाल दोन लाख भरायची आयुर्विमा पॉलिसी. वय अठ्ठावन्न, उत्पन्नाच्या रकान्यात ‘व्यवसाय, ८ लाख’. मावशी लोकांच्या रानात खुरपायला जातात.

पाकीट हातात पडल्यापासून तीस दिवसांत एका ओळीचं पत्र दिलं असतं की ‘मला पॉलिसी नको’, तर किरकोळ कपात होऊन पैसे परत आले असते. नियमच आहे. ते तीस दिवस ट्रंकेत गेले. आता आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभर वाट, उत्तर पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. आमच्या भागाला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. बँकेने खोटं सांगून गळ्यात मारली, ही तक्रार मात्र वेगळी : आधी बँकेकडे लेखी, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फसवणूक एक, दारं दोन, मुदती वेगवेगळ्या. हे मला माहीत होतं ते केवळ मास्तरांच्या वहीमुळे.

कंपनीचं उत्तर आलं. सोबत पडताळणीच्या फोनचा दाखला : ‘ग्राहकाने सर्व अटी मान्य असल्याचे सांगितले आहे.’ मावशींना विचारलं, फोन आला होता का? म्हणाल्या, “आला होता की. एक पोरगी फडाफडा बोलत होती. मी हो हो म्हणत होते.” साहेब, आमच्याकडे फोनवर ‘हो’ म्हणजे ‘ऐकतेय’. ‘मान्य आहे’ असा त्याचा अर्थ ज्या शहरात होत असेल तिथे होवो. हे वाक्य मी लोकपालाच्या अर्जात जसंच्या तसं घातलंय. सुनावणीची वाट पाहतोय.

आणि गंमत बघा. मावशींना फुकट वकील मिळू शकतो. विधी सेवा कायद्यात बाईला मोफत मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समिती इथे आहे, तिचा फलकही आहे, १५१०० हा नंबरही त्यावर लिहिलेला आहे. पण फलक कोर्टाच्या आवारात. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मावशी लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. फुकटचा सल्ला नेमका तिथे ठेवलाय जिथे जायला त्या घाबरतात. तो फलक साठ पावलं इकडे आणला असता तर बाजाराच्या वाटेवर दिसला असता.

ग्राहक आयोगाबद्दलही असंच. लोक अजून ‘ग्राहक मंच’ किंवा ‘ग्राहक कोर्ट’ म्हणतात, म्हणोत. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला शुल्क नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. दुकान मुंबईत असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. इतकं सगळं ग्राहकाच्या बाजूने लिहून ठेवलेलं दुसरं न्यायालय मला माहीत नाही. तीन महिन्यांत निकाल द्यावा असंही लिहिलेलं आहे. त्यावर काही बोलत नाही. अध्यक्ष-सदस्यांच्या रिकाम्या जागांची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली होती, तेवढंच सांगतो.

आता तक्रार ऑनलाइन करायची. आधी ई-दाखिल होतं, २०२५ च्या एक जानेवारीपासून ई-जागृती आलं. यात माझा धंदा आहे, खोटं कशाला बोलू? ई-मेल काढा, ओटीपी आणा, कागद स्कॅन करा, पानांना क्रमांक घाला, शपथपत्र जोडा. लोकांना ते जमत नाही, म्हणून माझ्याकडे येतात आणि मी पैसे घेतो. सरकारने घरबसल्या सोय केली आणि माझा गल्ला वाढला. पण फॉर्म भरून देणं आणि सल्ला देणं यात फरक आहे. मी रकाने भरतो. तक्रार आयोगात करायची की लोकपालाकडे, की वीजबिलाची असेल तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंचात, की बिल्डरची असेल तर महारेरा या बांधकाम प्रकल्पांवरच्या प्राधिकरणाकडे, हे जो ठरवतो तो सल्लागार. चुकीच्या दारात भरलेला सुबक फॉर्म सहा महिन्यांनी परत येतो. तोवर कधी कधी योग्य दाराची मुदत संपलेली असते.

मुंबई-पुण्यात हा सल्लागार सापडतो. मुंबईत १९६६ पासून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत आहे. तिच्या सभासदांनी गल्लोगल्ली संघ करून महिन्याचा किराणा एकत्र घेतला आणि वाटला. तिथे तक्रार मार्गदर्शनाला माणसं बसतात, महारेराच्या सलोखा मंचात ग्राहकाच्या बाजूनेही बसतात. पुण्याला गेलो असताना मास्तर एकदा म्हणाले होते, “इथे संस्था आहेत, आपल्याकडे मी आहे.” तेव्हा मला ते गर्वाचं वाटलं होतं. आता कळतंय, ती काळजी होती.

तर मागणी अशी.

बाजाराच्या दिवशी, अकरा ते तीन, तहसीलच्या फाटकाशी एक टेबल. त्यावर ग्राहक सल्ल्याची पाटी. मागे एक माणूस. दर वेळी तोच हवा असं नाही. जून-जुलैत कृषी अधिकारी बसावेत, तेव्हा बियाणं आणि खताशिवाय दुसरं काही येतच नाही. दिवाळीआधी दोन आठवडे वैध मापन निरीक्षक. पीक कर्जाच्या हंगामात अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांनी एखादा माणूस पाठवावा. विमा गळ्यात मारण्याचे प्रकार तेव्हाच होतात. एरवी पुरवठा निरीक्षक, आणि कधी विधी सेवा समितीचे स्वयंसेवक. त्यांनी निकाल द्यायचा नाही, कुणाला दम द्यायचा नाही. समोरच्याचे कागद बघायचे आणि तीन गोष्टी सांगायच्या : कुठल्या दारात जायचं, काय घेऊन जायचं, कोणत्या तारखेच्या आत.

एक नोंदवही ठेवावी आणि आलेल्याला पोहोच द्यावी. वहीचा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. सोयाबीनच्या त्या काकांनंतर पंधरा दिवसांत त्याच वाणाच्या रिकाम्या पिशव्या घेऊन आणखी सहा जण माझ्याकडे आले. प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच नशीब फुटकं. वही असती तर तिसऱ्या नोंदीलाच कळलं असतं की हा एकट्याचा मामला नाही. आणि अनेक ग्राहकांचा मिळून प्रश्न असेल तर सोळाव्या कलमाने चौकशी करून अहवाल पाठवायचा अधिकार कुणाला आहे? आपल्याला. जिल्हाधिकाऱ्यांकडेच अशी लेखी तक्रार देता येते, हे सतराव्या कलमात आहे. आमच्या तालुक्यात हे मला माहीत आहे, नोटरींना माहीत आहे, आणि मास्तरांना माहीत होतं.

माणसं कमी आहेत, हे उत्तर मला अपेक्षित आहे. कचेरीत किती जागा रिकाम्या आहेत ते समोर बसून मला दिसतंच. पण चार तास, आठवड्यातून एक दिवस, आणि तेही पाच खात्यांनी वाटून घ्यायचे. एका खात्याच्या वाट्याला महिन्यातून एखादा दिवस येतो. ‘ग्राहक दिना’च्या मंडपात एवढी माणसं एका वेळी उभी असतात.

मास्तरांची वही माझ्याकडे आहे. पत्ते, मुदती, अर्जांचे नमुने, सगळं हाताने लिहिलेलं. तिची छायाप्रत टेबलावर ठेवायला देईन, पैसे घेणार नाही. काही नियम बदललेत, ते दुरुस्त करून घ्यावे लागतील. ते काम पुरवठा शाखेतल्या एखाद्या तरुण कारकुनाला द्या, दोन दुपारी पुरतील.

टेबल माझ्या दुकानात मागे पडलेलं आहे, लाकडी, एक पाय किंचित हलतो. येत्या बाजारच्या दिवशी सकाळी साडेदहाला फाटकाशी आणून ठेवतो. खुर्ची मात्र कचेरीतली द्या, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेली. मास्तर बाकावर बसायचे म्हणून दुकानदार त्यांना ‘तुम्ही कोण’ विचारायचे. त्या नंबरच्या खुर्चीवर बसलेल्याला अजून तरी कुणी विचारत नाही.

आपला,
तहसील कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला